आधी सरकारी हिरवळीचा हिशेब द्या

मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने एक आदेश काढला. बागेला पाणी घालणे, मोटारी धुणे, कारंजी चालवणे आणि बांधकाम करणे यांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास त्यात मनाई करण्यात आली आणि उल्लंघनासाठी ५,००० रुपये दंड ठरवण्यात आला. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस दिल्ली सरकारने नळीने मोटार धुणाऱ्यांना आणि टाकी भरून वाहू देणाऱ्यांना २,००० रुपयांचा दंड जाहीर केला. पाहणीसाठी २०० पथकेही नेमली. चंडीगडचे प्रशासन तर गेली अनेक वर्षे उन्हाळ्यात सकाळच्या पाणीपुरवठ्याच्या वेळी हिरवळीवर नळी सोडणाऱ्या रहिवाशांवर कारवाई करत आले आहे.

या तिन्ही शहरांच्या आदेशांची घडण एकच आहे. आधी बंदी, मग दंड आणि शेवटी पथक. टंचाईच्या दिवसांत अशी कठोरता समजण्यासारखी आहे; तिला माझा विरोध नाही. मात्र या आदेशांत एक गोष्ट मला कुठेच आढळत नाही, आणि ती म्हणजे मोजमाप. शहरातील उद्याने, सरकारी बंगल्यांची आवारे, दुभाजक, विद्यापीठे, क्रीडांगणे आणि छावण्या यांच्या हिरवळीला रोज किती पाणी लागते, प्रत्यक्षात किती दिले जाते आणि त्यातले किती वाया जाते, या तीन प्रश्नांची उत्तरे हाती नसताना आपण नागरिकाच्या हातातील नळी मोजायला निघालो आहोत. शहरातील सर्वांत मोठ्या हिरवळी बहुधा सरकारच्याच ताब्यात असतात. म्हणून हिशेबाची सुरुवातही तिथूनच व्हायला हवी, असे माझे म्हणणे आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. देशात दरवर्षी उपसल्या जाणाऱ्या भूजलापैकी सुमारे ८७ टक्के शेतीसाठी जाते. मग चार बागांच्या गवताची चर्चा कशाला, असे विचारले जाते. आकडा बरोबर आहे, निष्कर्ष मात्र अपुरा आहे. शहराची टंचाई देशाच्या सरासरीवर ठरत नाही. एप्रिल ते जून या तीन महिन्यांत, विशिष्ट जलवाहिनीच्या टोकाला, विशिष्ट वस्तीत किती पाणी पोहोचते यावर ती ठरते. गवताची तहानही नेमकी याच तीन महिन्यांत सर्वाधिक असते. शिवाय शहरात आलेले पाणी स्वस्त नसते. बेंगळुरूला कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून, टप्प्याटप्प्याने वर उपसून आणावे लागते. ते शुद्ध करण्याचा, चढवण्याचा आणि वाहून आणण्याचा खर्च केल्यानंतर त्यातील काही भाग पदपथावर वाहून जात असेल, तर त्याची तुलना कालव्याच्या पाण्याशी करता येत नाही.

आणि शेतीचा दाखला द्यायचाच, तर तो पुरता द्यावा. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेने शेतकऱ्यासमोर ‘प्रत्येक थेंबागणिक अधिक पीक’ हे उद्दिष्ट ठेवले. ठिबक आणि तुषार संचांसाठी अनुदान दिले गेले, प्रशिक्षणे झाली. कोरडवाहू भागातला द्राक्ष किंवा डाळिंब उत्पादक आज झाडागणिक लिटरचा हिशेब सांगू शकतो, कारण तो चुकला तर त्याचे वर्ष बुडते. शहरातील उद्यान विभागाला मात्र चौरस मीटरमागे लिटरचा हिशेब कोणी विचारत नाही. पाणी जपण्याचा उपदेश ज्याच्याकडे कमी आहे त्याला आणि सूट ज्याच्याकडे भरपूर आहे त्याला, अशी ही व्यवस्था आहे.

हिरवळ आपल्याकडे आली कुठून, हेही या निमित्ताने पाहायला हवे. दिल्लीचा वार्षिक सरासरी पाऊस ७०० मिलिमीटरच्या पुढे आहे. लंडनचा ६०० मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे एकूण पावसात दिल्ली लंडनपेक्षा मागे नाही. फरक वाटणीचा आहे. लंडनमध्ये तो बाराही महिने थोडाथोडा पडतो. दिल्लीत त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या काळातच कोसळतो आणि उरलेले महिने कोरडे जातात. तिथे गवताचा गालिचा निसर्ग सांभाळतो, इथे तो पंपाने सांभाळावा लागतो. मुघलांच्या चारबागेत पाण्याचे पाट, फळझाडे आणि सावली यांना महत्त्व होते. विसाव्या शतकाच्या आरंभी लॉर्ड कर्झनच्या काळात ताजमहालाच्या बागेला आजचे मोकळ्या हिरवळीचे रूप मिळाले. पुढे नवी दिल्ली वसवताना प्रशस्त बंगल्यांभोवतीची हिरवळ ही सत्तेची खूण ठरली. ती सवय पुढे सर्वत्र झिरपली. जिल्हाधिकारी निवास, विश्रामगृह, साखर कारखान्याचे अतिथिगृह, आयटी पार्क आणि नव्या गृहसंकुलाचे जाहिरातपत्रक यांत आज तीच हिरवळ दिसते.

याचा अर्थ ती उखडून टाकावी, असा नव्हे. तापणाऱ्या शहरात मोकळी हिरवी जागा ही चैन राहिलेली नाही. ज्या मुलांच्या घरात दोन खोल्या आणि पाच माणसे आहेत, त्यांच्यासाठी सार्वजनिक बाग हेच अंगण असते. त्यामुळे बागेचे पाणी तोडा, हे उत्तर मला मान्य नाही. बागेचे पाणी मोजा, हे उत्तर मला हवे आहे.

हे मोजमाप म्हणजे नेमके काय, याबद्दल आपल्याकडे फारशी चर्चा नसल्याने ते थोडे तपशिलात सांगतो. हिरवळीच्या जललेखापरीक्षणाची पहिली पायरी म्हणजे नोंद. क्षेत्र किती, पाण्याचा स्रोत कोणता, त्यावर स्वतंत्र मीटर आहे का आणि महिन्यागणिक वापर किती, हे आधी लिहून काढायचे. दुसरी पायरी पाहणीची. संच चालू करून प्रत्येक तुषारतोटीपाशी जायचे. कुठली तुटली आहे, कुठली वाकडी झाली आहे, कुठलीचे तोंड गाळाने बंद झाले आहे, कुठली गवताऐवजी रस्ता भिजवते आहे, एकाच रांगेत वेगवेगळ्या मापाच्या तोट्या बसवल्या आहेत का, हे पाहायचे. दाब जास्त असेल तर पाण्याचे धुके होऊन ते वाऱ्यावर जाते; कमी असेल तर तोटीभोवती कडे भिजते आणि मधला भाग कोरडा राहतो. या पाहणीला लागते ते फक्त डोळे, वही आणि दाबमापक.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि सर्वांत सोपीही. हिरवळीवर ठरावीक अंतराने सारख्या आकाराचे वीसेक डबे मांडायचे, संच दहा-पंधरा मिनिटे चालवायचा आणि प्रत्येक डब्यात किती मिलिमीटर पाणी साठले ते मोजायचे. सर्व डब्यांची सरासरी काढायची. मग सर्वांत कमी पाणी मिळालेल्या पाव भागातील, म्हणजे विसांपैकी पाच डब्यांची सरासरी काढायची. दुसऱ्या सरासरीला पहिलीने भागले की पाणी किती एकसारखे पसरते हे कळते. समजा, सर्व डब्यांची सरासरी ८ मिलिमीटर आणि कोरड्या पाच डब्यांची ४ मिलिमीटर आली, तर वितरणाची समानता ५० टक्के झाली.

या एका टक्केवारीत पाण्याच्या नासाडीचे मूळ दडलेले असते. हिरवळीचा एक कोपरा पिवळा पडला की वरिष्ठ माळ्याला बोलतात. माळी काय करणार? तो संच जास्त वेळ चालू ठेवतो. कोपरा हिरवा होतो. पण तेवढ्या वेळात बाकीच्या हिरवळीवर दुप्पट पाणी पडते आणि ते मुळांच्या खाली किंवा गटारात जाते. दोष तोटीचा असतो आणि दंड धरणाला बसतो.

एका उदाहरणाने हे आकड्यांत पाहू. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरमागे एक लिटर. एक एकर हिरवळ म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. उन्हाळ्यातील एखाद्या दिवशी बाष्पीभवन आणि पानांवाटे होणारे उत्सर्जन मिळून संदर्भमान ६ मिलिमीटर आहे असे धरू. उष्ण हवामानातील गवतासाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या १९९८ च्या मार्गदर्शिकेत ०.८५ हा गुणांक वापरतात. म्हणजे गवताची खरी गरज ५.१ मिलिमीटर, अर्थात एकरी सुमारे २०,६०० लिटर झाली. समानता ५० टक्के असेल आणि कोरडा कोपराही हिरवा ठेवायचा असेल, तर प्रत्यक्षात सुमारे ४१,३०० लिटर सोडावे लागतात. तोट्या दुरुस्त करून आणि दाब सुधारून समानता ७५ टक्क्यांवर आणली, तर २७,५०० लिटर पुरतात. रोजची बचत जवळपास १३,८०० लिटर. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हे मान आपण स्वीकारले आहे. त्या हिशेबाने एका एकरावरील नुसत्या दुरुस्तीतून शंभर माणसांचे दिवसाचे पाणी वाचते, आणि त्यासाठी गवताची एक काडीही वाळवावी लागत नाही.

हे सारे तुषार संचांबद्दल झाले. आपल्या बहुतेक उद्यानांत अजून रबरी नळीनेच पाणी घालतात आणि तिथे नळी एका जागी टाकून माळ्याला दुसऱ्या कामाला जावे लागते. तिथले लेखापरीक्षण आणखी साधे आहे. २० लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते पाहायचे. ती ४० सेकंदांत भरली, तर नळी मिनिटाला ३० लिटर देते आणि दोन तासांत ३,६०० लिटर. हे पाणी किती जागेवर पसरले ते पावलांनी मोजले की चौरस मीटरमागे किती लिटर पडले ते निघते. मग जमिनीत एक अणकुचीदार सळई खुपसून ओल किती खोल गेली ते पाहायचे. गवताची बहुतेक मुळे ज्या थरात आहेत त्याखाली गेलेले पाणी गवताच्या उपयोगाचे नाही. भारी जमिनीत पाणी मुरायला वेळ लागतो. तिथे एकदम तासभर सोडण्याऐवजी पंधरा मिनिटे सोडून, मुरू देऊन, पुन्हा पंधरा मिनिटे सोडणे हिताचे असते. दुपारऐवजी पहाटे पाणी दिल्यास ऊन आणि वारा या दोन्हींतून होणारी हानी टळते. चांगल्या माळ्याला यातले बरेचसे ठाऊक असते. त्याला विचारण्याची पद्धत आपण ठेवलेली नाही, एवढेच.

एका शहरातील सरकारी कार्यालयाच्या आवारात भर पावसात फिरत असलेले तुषार मी पाहिले आहेत. सुरक्षारक्षकाने सांगितले की, घड्याळावर लावलेला संच आहे. वेळ झाली की सुरू होतो. जानेवारीत लावलेली वेळ जुलैतही तीच होती. यंत्र नवे होते आणि महागही असणार. पण ऋतू बदलला की वेळ बदलायची, ही जबाबदारी कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हती. नवे संच बसवले की पाणी वाचते, या समजुतीची ही मर्यादा आहे. खरेदीची निविदा निघते, उद्घाटन होते, छायाचित्र येते. पुढे तो संच कसा चालतो हे मोजण्यासाठी मात्र तरतूद नसते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज असा की, घराबाहेर वापरल्या जाणाऱ्या पाण्यापैकी अर्ध्यापर्यंत पाणी सदोष सिंचनामुळे वारा, बाष्पीभवन आणि वाहून जाणे यांत वाया जाऊ शकते. तिथे स्वयंचलित संच आपल्यापेक्षा कितीतरी अधिक आहेत, हे लक्षात घेतले की यंत्रावरचा आंधळा विश्वास कमी होतो.

दुसरी समजूत प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याबद्दलची आहे. आम्ही बागांना पिण्याचे पाणी देतच नाही, असे उत्तर महापालिकांकडून हमखास येते. हे पाऊल स्वागतार्हच आहे. चंडीगडने काही दशकांपूर्वीच मोठ्या घरांच्या आणि उद्यानांच्या हिरवळीसाठी तृतीय स्तरापर्यंत शुद्ध केलेल्या सांडपाण्याचे वेगळे जाळे टाकायला सुरुवात केली. बेंगळुरूत कब्बन पार्कच्या आवारात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे आणि त्याचे पाणी झाडांना मिळते. हे नमुने देशभर जायला हवेत. पण पाणी पुनर्वापराचे आहे म्हणून ते मोजायचे नाही, हा निष्कर्ष चुकीचा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशाच्या शहरी भागात दिवसाला ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होते ती केवळ २०,२३५ दशलक्ष लिटरवर, म्हणजे सुमारे २८ टक्क्यांवर. शुद्ध केलेले सांडपाणी हीदेखील दुर्मीळ वस्तू आहे. त्यावर उद्योगांचा, बांधकामांचा आणि कोरड्या तलावांचाही हक्क आहे. ‘अमृत २.०’ मोहिमेत शहराच्या एकूण मागणीपैकी २० टक्के आणि औद्योगिक मागणीपैकी ४० टक्के पुनर्वापरातून भागवण्याचे उद्दिष्ट आहे. बागेत दुप्पट पाणी ओतून ते गाठता येणार नाही.

महाराष्ट्राने या प्रश्नाचा एक तीव्र अनुभव घेतला आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले. त्याच आठवड्यात क्रिकेटच्या मैदानांना लागणाऱ्या पाण्यावरून मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश दिला. नैतिकदृष्ट्या तो आदेश समजण्यासारखा होता. तहानलेल्या माणसासमोर खेळपट्टी भिजवणे शोभणारे नव्हतेच. पण धोरण म्हणून त्यातून मागे काय उरले? सामने गेले, मैदाने राहिली. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी त्या हिरवळीला किती पाणी द्यावे आणि कोणते द्यावे, याचा दरवर्षी जाहीर होणारा हिशेब आपण त्या संतापातून उभा केला नाही. टंचाईत आपण रागावतो आणि पाऊस आला की विसरतो. लेखापरीक्षण ही न विसरण्याची व्यवस्था असते.

इतरत्र काय घडले, हेही पाहता येईल. चार वर्षांच्या अवर्षणानंतर कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये आपला आदर्श भूदृश्य-जल अध्यादेश कडक केला. ठरावीक आकारापेक्षा मोठ्या नव्या बागांसाठी वार्षिक जलअंदाजपत्रक आणि सिंचनाचे लेखापरीक्षण त्यात आवश्यक आहे. नेवाडा राज्याने २०२१ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. जिच्यावर कुणी खेळत नाही, बसत नाही अशा निव्वळ शोभेच्या हिरवळीला लास वेगास परिसरात कोलोरॅडो नदीचे पाणी देणे २०२६ च्या अखेरीनंतर बंद करण्याचा कायदा तिथे झाला. मला यातील बंदीपेक्षा त्यामागचे वर्गीकरण उपयोगाचे वाटते. मुलांचे मैदान आणि उड्डाणपुलाखालचा दुभाजक या दोन्ही जागी गवत असले, तरी त्यांचा पाण्यावरचा हक्क सारखा नाही. एका ठिकाणी माणसे येतात, दुसऱ्या ठिकाणी मोटारीच्या काचेतून ते क्षणभर दिसते.

आपल्याकडे यासाठी कायद्याचा आणि धोरणाचा आधार नाही, असेही नाही. २०१२ च्या राष्ट्रीय जलनीतीने निरनिराळ्या वापरांसाठी मानके ठरवण्याची आणि जललेखापरीक्षणाची पद्धत विकसित करण्याची गरज सांगितली. राष्ट्रीय जल अभियानाचे एक उद्दिष्ट पाणीवापराची कार्यक्षमता २० टक्क्यांनी वाढवण्याचे आहे आणि त्यासाठी २०२२ मध्ये जलवापर कार्यक्षमता विभागही स्थापन झाला. केंद्रीय भूजल प्राधिकरणाने सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाला १०० घनमीटरपेक्षा अधिक भूजल उपसणाऱ्या उद्योगांना दरवर्षी जललेखापरीक्षण बंधनकारक केले. पुढच्याच महिन्यात पिण्यायोग्य भूजलाच्या नासाडीविरुद्ध कारवाईची व्यवस्था उभारण्यास स्थानिक संस्थांना सांगितले. म्हणजे कारखान्याला हिशेब द्यावा लागतो, नागरिकाला दंड भरावा लागतो. मधला उद्यान विभाग तेवढा दोन्हींतून सुटतो.

घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवता येणाऱ्या अठरा विषयांची यादी आहे. पाणीपुरवठा हा त्यातील पाचवा विषय आणि उद्याने, बागा, क्रीडांगणे यांसारख्या नागरी सोयी हा बारावा. अनेक शहरांत हे दोन्ही विषय एकाच छपराखाली आहेत, तरी दोन विभागांचे दप्तर वेगळे असते. पाणी देणारा विभाग उद्यान विभागाला देयक पाठवत नाही, किंवा पाठवले तरी ते एका खिशातून दुसऱ्या खिशात जाते. ज्या पाण्याची किंमत कुणाच्याच अंदाजपत्रकात दिसत नाही, ते वाचवण्याची घाई कुणाला असणार? बेंगळुरू, दिल्ली किंवा चेन्नईसारख्या ठिकाणी पाण्यासाठी स्वतंत्र मंडळ आहे. तिथे तर दोन संस्थांमधील अंतर आणखी वाढते.

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आहेत आणि त्यांतील एकीलाही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. पहिली, एक एकरापेक्षा मोठ्या प्रत्येक सार्वजनिक हिरवळीला स्वतंत्र मीटर असावे, मग पाणी नळाचे असो, कूपनलिकेचे असो वा शुद्ध केलेल्या सांडपाण्याचे. दुसरी, दरवर्षी मार्च संपण्याआधी या हिरवळींचे लेखापरीक्षण व्हावे आणि चौरस मीटरमागे लिटर हा एकच आकडा बागेच्या फाटकावर आणि महापालिकेच्या संकेतस्थळावर लागावा. तिसरी, दुरुस्तीनंतर मोजणी पुन्हा व्हावी. पहिली मोजणी दोष दाखवते, दुसरी सुधारणा सिद्ध करते. चौथी, टंचाई जाहीर झाली की कोणत्या हिरवळीचे पाणी आधी थांबवायचे याचा क्रम आधीच ठरलेला असावा. त्यात दुभाजक पहिले असावेत, मग कार्यालये आणि बंगल्यांची आवारे. मुलांची मैदाने शेवटी असावीत.

पाणी थांबवल्याने गवत मरेल, ही भीती निदान आपल्या देशी गवताबाबत अतिरंजित आहे. उत्तरेत दूब आणि आपल्याकडे हरळी म्हणतात ते गवत, ज्याच्या दूर्वा आपण गणपतीला वाहतो, तो कडक उन्हाळ्यात वरून वाळते. मुळे जमिनीत जीव धरून असतात आणि पहिल्या पावसाने पुन्हा फुटतात. हरळीच्या मुळीसारखा वंश वाढो, असे आपल्याकडे म्हणतात ते उगाच नव्हे. जूनमध्ये तपकिरी दिसणारी हिरवळ ही उद्यान विभागाची नामुष्की नसून ऋतूचे भान आहे, हे नागरिकांनाही पटवून द्यावे लागेल. कारण माळ्यावर दबाव आणणारा साहेब जसा असतो, तसेच तक्रार करणारे प्रभात फेरीचे मंडळही असते.

खर्चाचा आक्षेपही येईल. वीस डबे, एक बादली, एक दाबमापक आणि दोन प्रशिक्षित माणसे एवढ्यावर एका उद्यानाची मोजणी होते. कृषी विद्यापीठांत सिंचन शिकणारे विद्यार्थी आहेत, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील नळकामाचे विद्यार्थी आहेत आणि ठिबक संच बसवण्यात तरबेज असलेले ग्रामीण तंत्रज्ञ आहेत. सर्वांत आधी माळ्यांनाच हे शिकवावे. कंत्राटी पद्धतीने, तुटपुंज्या वेतनावर राबणाऱ्या या वर्गाला आज पाण्याच्या नासाडीचा दोष लावला जातो, पण तोटी बदलण्याचा अधिकार दिला जात नाही. मोजणी त्याच्या हाती दिली तर त्याचे कौशल्य वाढेल आणि शब्दालाही वजन येईल.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बागेत वाचलेले पाणी जाते कुठे? त्याचा माग ठेवला नाही, तर ते नव्या टॉवरच्या तरणतलावात किंवा आणखी एका शोभेच्या हिरवळीत जाईल आणि टँकरची रांग होती तिथेच राहील. जून २०२४ मध्ये दिल्लीच्या पाणीटंचाईची सुनावणी करताना सर्वोच्च न्यायालयाने टँकर माफिया आणि पाण्याची नासाडी यांविरुद्ध काय केले, असा सवाल दिल्ली सरकारला केला होता. नासाडी आणि टँकर यांचा एकत्र उच्चार त्या प्रश्नात झाला, हे योग्यच होते. प्रत्येक महापालिकेने लेखापरीक्षणाबरोबर हेही जाहीर करावे की, या वर्षी उद्यानांतून वाचलेले इतके लिटर पाणी अमुक जलकुंभातून अमुक वस्तीला वाढवून दिले. एका बाजूला बागेचे नाव आणि दुसऱ्या बाजूला वस्तीचे नाव आले, तरच तो ताळेबंद पुरा झाला असे म्हणता येईल.

पाण्याच्या दंडाची पावती नागरिकाच्या हाती ठेवण्याचा अधिकार सरकारला जरूर आहे. तो अधिकार वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फाटकाआड किती लिटर पाणी मातीत मुरले आणि किती गटारात गेले, हे विचारण्याचा अधिकार नागरिकालाही आहे. पुढच्या एप्रिलमध्ये पहिला आदेश निघण्याआधी हा आकडा प्रसिद्ध व्हावा. माझी अपेक्षा एवढीच आहे, आणि ती कोणत्याही शहराच्या आवाक्यात आहे.